अकरा जणांचा एक हात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला मी जमिनीवर आडवी झाले तर पुन्हा उठवायला इथे कोणी नाही, तेव्हा हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला कसा आहे? (खोकल्याचं विचारते आहे, भाऊजींचं नाही. ते कसे आहेत हे तू गेल्या सत्तावीस वर्षांत सांगितलेलं नाहीस, आता सांगून तरी काय होणार.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात खोलीचं छप्पर दोन जागी गळतं, स्टोव्ह एका बाजूनेच पेटतो, आणि मी महिनाभर नीट जेवलेले नाही. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही उशाशी आहेत. उत्तर दिलं नाही कारण उत्तरात काय लिहावं ते सुचत नव्हतं. आज सुचलं आहे असं नाही, पण आज चौथं पत्र आलं आणि त्यात तू "जिवंत आहेस का" असं विचारलंस. आहे. बाकीचं लांबण आहे, चहा घेऊन बस.

मंडळाने मला इथे पाठवलं त्याला येत्या महिन्यात वर्ष होईल. गावात डॉक्टर नाही. इस्पितळ दोन तासांवर, आणि रस्ता असा की धडधाकट माणूस निघाला तर पोचेपर्यंत पेशंट होतो. म्हणून मग माझ्यासारखी, डॉक्टरच्या निम्म्या कामाचं शिक्षण घेतलेली नर्स: रक्तदाब बघायचा, साखर बघायची, लागतील त्या गोळ्या सुरू करायच्या, आणि आजार घरात शिरायच्या आत त्याला दारातच धरायचा. कल्पना उत्तम. अडचण एवढीच, की ज्याला काही होत नाहीये तो दवाखान्यात येईल कशाला? पहिल्या दोन महिन्यांत माझ्याकडे दोन माणसं आली, त्यातलं एक पत्ता विचारायला. मग मंडळाच्या साहेबांनी कळवलं, की लोक जिथे आपणहून जमतात तिथे जाऊन बसा, आपलं मंडळ धर्माचं आहे, लाजायचं कारण नाही. आपणहून लोक जमतात ते फक्त आठवड्याच्या प्रार्थनेला. म्हणून मी माझं यंत्र काखेत मारून प्रार्थनाघरात गेले.

तिथले गुरुजी पासष्टीचे. आवाज मोठा, कान कमी, मन मऊ. त्यांनी लगेच हो म्हटलं, पण अट घातली. कुणाचा आकडा कुणाला दिसता किंवा ऐकू येता कामा नये, कारण या गावात एकाला शिंक आली की तिसऱ्या गल्लीत पाणी उकळायला ठेवतात. (हे त्यांनी मला एकटीला म्हणून सांगितलं, आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.) म्हणून पडदा लावायचं ठरलं. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे गाव, आणि मधल्या भोकातून फक्त हात. तो पडदा गावातल्या शिंपीदादांनी शिवला. ताई, तू शिवणकामातली दर्दी, तुला तो दाखवायला हवा होता. जाड निळं कापड, आणि भोक नुसतं कापलेलं नव्हे, तर त्याला आतून मऊ अस्तर, हलकी चुणी, कोपराला कुठे काचू नये म्हणून. आठ दिवस घेतले त्यांनी. मी शेजारी बसून बघत होते, त्यांच्या बोटांची टोकं सुया टोचून टोचून चाळणीसारखी झाली होती. "पडद्याला बाही लावणारा मी पहिलाच असेन," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. ती बोटांची टोकं तेवढी लक्षात ठेव. मी ठेवली नाहीत.

काम असं चाले. प्रार्थना संपली की मी माझ्या वहीतून नाव पुकारायची, पलीकडून चारपाच जणांचं एकदम "आहे" असं यायचं, भोकातून हात यायचा, मी पट्टा बांधून हवा भरायची, आकडा वहीत लिहायची आणि तोच एका चिठ्ठीवर लिहून तळहातावर ठेवायची. मूठ मिटायची आणि हात परत जायचा. तोंड बघायचं काम नाही. मला तर ते बरंच वाटलं. माणसांची तोंडं बघून मी लवकर थकते, हे तुला ठाऊक आहे. हळूहळू मी गाव हातांवरून ओळखायला लागले, किंवा ओळखते आहे असं मला वाटायला लागलं.

आता इथली एक पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. या प्रार्थनाघरात ज्याला यायला जमत नाही त्याच्या नावाने दुसरा कुणीतरी उभा राहतो. गुरुजी नाव घेतात, हा उठतो, त्याच्यासाठी डोळे मिटतो, आणि ती प्रार्थना घरी बसलेल्याला पोचते अशी सगळ्यांची श्रद्धा आहे. याला ते "बदली उभं राहणं" म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला कोण आठवलं माहीत आहे? तू. शाळेत लस टोचायला आले होते, मी बाकाखाली लपून बसले होते, आणि तू आपली सुई टोचून घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिलीस आणि माझ्या नावाने दुसऱ्या दंडात दुसरी घेतलीस. दोन्ही दंड सुजून दोन दिवस तापात पडलीस आणि आईला एक अक्षर सांगितलं नाहीस. (आईला सांगून तरी काय. ती सगळ्यांना तपासून आणायची, स्वतः मात्र "मला काय धाड भरली आहे" म्हणत दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून राहायची.) तेव्हा बदली उभं राहण्याची थोरवी मला कुणी शिकवायला नको होती. तिथेच माझं चुकलं.

आठ महिने असले आकडे आले की काय सांगू. वरचा एकशे अठरा, खालचा शहात्तर. पुन्हा एकशे अठरा. एखाद्या वेळी एकशे वीस. ज्या गावात माणसं खुर्चीवरून उठताना देवाचं नाव घेतात, त्या गावात धावपटूंना लाजवतील असे आकडे! मी मंडळाला कळवलं. मंडळाने आणखी वर कळवलं. साहेब स्वतः आले, प्रार्थना आणि प्रतिबंध यांचा संगम वगैरे बोलले, आणि मला काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र देऊन गेले. ते माझ्या खोलीत छप्पर गळतं त्याच्या बरोबर खाली लावलं आहे.

ताई, तू आता विचारशील की तुला काहीच कसं कळलं नाही गं. कळलं की! अकरा जणांच्या हातावर मनगटाच्या जरा वर, आतल्या बाजूला, मसुराएवढा तीळ होता, हे मी पाहिलं होतं. मी म्हटलं, लहान गाव, सगळे एकमेकांचे मामेभाऊ-चुलतभाऊ, तीळ घराण्यात चालतो. अकराही हातांच्या केसांत पीठ असायचं. मी म्हटलं, गिरणी प्रार्थनाघराला लागूनच आहे, येता येता उडत असेल. अकरापैकी सहाजण पुरुष होते आणि हात गोल, गुबगुबीत होता. त्याचीही मी काहीतरी समजूत करून घेतली, ती आता आठवत नाही आणि आठवली तरी लिहिणार नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, त्यातलं आंधळं कोण ते तुझं तू ठरव. मी आकडा बघत होते, हात बघतच नव्हते.

गेल्या महिन्यात एका सकाळी दहाच्या सुमाराला शिंपीदादांची बायको अनवाणी पळत आली. मी पिशवी उचलून तिच्यामागे धावले. त्यांचं दुकान म्हणजे दोन पायऱ्या चढून एक खोली, खिडकीशी मशीन, भिंतीला टांगलेले कपडे. ते मशीन आणि भिंत यांच्यामध्ये पडले होते. शिवायला घेतलेल्या कोटाची बाही मशीनमध्येच अडकली होती, सुई कापडात रुतलेली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात अंगाखाली कसातरी दुमडलेला, आपला नसल्यासारखा. मी डाव्या हाताला पट्टा बांधला. दोनशे तीस आणि एकशे तीस. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा घेतला, तेवढाच. मी त्यांच्या बायकोवर ओरडले (हो, ओरडले, ज्या बाईचा नवरा जमिनीवर पडला होता तिच्यावर), की अहो, मागच्या आठवड्यात एकशे अठरा होता! ती माझ्याकडे बघेना. ती दाराकडे बघत होती.

दारात गिरणवाली उभी होती. गिरणी टाकून तशीच आलेली, कोपरापर्यंत पांढरी. तिने तो हात माझ्यापुढे केला, पडद्यातून करायची तसाच, तळहात वर. मसुराएवढा तीळ.

"तो माझा होता, बाई," ती म्हणाली.

पुढचं सगळं दोन तासांच्या त्या रस्त्यावर कळलं. गिरणीच्याच गाडीतून आम्ही त्यांना इस्पितळात नेलं, पोत्यांवर गादी टाकून. मी डोकं धरलं होतं, तिने पाय. मी काही विचारलं नव्हतं, तीच सांगत राहिली. पहिल्याच आठवड्यात तिचा आकडा छान आला होता आणि तिने तो आनंदाने चारचौघांत सांगितला होता. मग दळण घेऊन येणारा एकेकजण म्हणायला लागला, की तू जातेच आहेस तर माझ्या नावानेही उभी राहा, तुझा हात चांगला आहे. शिंपीदादांचे वडील असेच मशीनवर गेले होते, त्यामुळे त्यांना आकडा ऐकायचीच धास्ती. त्यांनी तिला सांगितलं होतं, की चांगला आकडा आपल्या नावाने लागला की आपल्याला लाभतो. तिलाही ते पटलं. प्रार्थना पोचते, मग आकडा का नाही पोचणार? माझी चिठ्ठी ती घरोघर नेऊन द्यायची आणि शिंपीदादा ती मशीनच्या खणात जपून ठेवायचे. आणि ऐक, मला हसू येईना की रडू येईना: त्या अकरा जणांचे आकडे चांगले यावेत म्हणून ती बाई आठ महिने अळणी जेवत होती. प्रार्थनेच्या आदल्या दिवशी जड पोतं उचलायची नाही, कुणाशी भांडायची नाही. अकरा माणसांचं पथ्य एकटीने पाळलं तिने. असला पेशंट मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता, आणि तिला काही झालेलंच नव्हतं.

शिंपीदादा वाचले. अकरा दिवसांनी परत आले. पाय ओढत चालतात, बोलणं निम्मं कळतं. उजवा हात गेला. शिंप्याचा उजवा हात, ताई. लोक मला म्हणतात, जीव तर राहिला, देवाची कृपा. मी मान हलवते आणि खोलीत येऊन दार लावून घेते. आठ महिने मी दर आठवड्याला त्यांच्या नावापुढे "उत्तम" असं लिहीत होते, आणि त्या नावाने येणाऱ्या बोटांवर सुईची एकही खूण नव्हती. एक गोळी रोज, एवढंच लागणार होतं, आणि त्या गोळ्यांचं खोकं माझ्या पायाशी पडलेलं असायचं.

गुरुजींशी भांडायला गेले. माझं भांडण खाजगी होतं, पण त्यांना ऐकू येईना म्हणून मला ओरडून भांडावं लागलं आणि अर्धा रस्ता थांबून ऐकू लागला. म्हटलं, ही तुमची बदलीची पद्धत आहे, तिने माणूस आडवा केला. ते म्हणाले, की पडदा लावा असं मी सांगितलं, हे खरं, पण पडद्यामागे बसलेल्या बाईने आठ महिन्यांत एकदाही पडदा बाजूला करून बघितलं नाही, याला मी काय करू. हे ते रागाने म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. पुढच्या प्रार्थनेला त्यांनी प्रवचन दिलं नाही. नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्यासाठी तुम्ही डोळे मिटा, ते चालेल. पण माझं रक्त माझ्याच अंगात आहे." आणि सगळ्यांत आधी आपला हात घेऊन आले. एकशे सत्तर निघाला. आता गोळी घेतात आणि सगळ्या गावाला सांगतात, पडदाबिडदा काही नाही.

पडदा मी फाडून टाकणार होते. शिंपीदादांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी बायकोला तो खाली काढायला लावला, डाव्या हाताने खडूची खूण केली, आणि तोंडाच्या उंचीवर एक चौकोनी खिडकी कापून घेतली. शिवण बायकोने घातली आहे, ते शेजारी बसून डोळे वटारत होते. वाकडी आहे. आता मी नाव पुकारलं की हात येतो आणि वर तोंड दिसतं. त्रेसष्ट माणसं झाली, त्यांतल्या सव्वीस जणांना गोळ्या सुरू केल्या. शिंपीदादाही येतात, डावा हात पुढे करतात, चिठ्ठी वाचून खिशात घालतात. मला एकदाही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मंडळाला मी सगळं खरं कळवलं. तिथून उत्तर आलं, की सगळ्या तपासण्या पुन्हा करून, समोर दुसरा साक्षीदार बसवून, महिनाअखेर पाठवा, मग केंद्र ठेवायचं की बंद करायचं ते बघू. त्यात नर्सच्या स्वतःच्या तपासणीचा कागदही आला. तर असं आहे. बाकी इकडचं विशेष काही नाही. गुडघ्यांना शेक घेत जा, आणि भाऊजींना विडी सोडायला सांग, म्हणजे ते ऐकणार नाहीत आणि तुला बोलल्याचं समाधान मिळेल. थोरामोठ्यांना नमस्कार, आणि आता थोरामोठ्यांत आपण दोघीच उरलो आहोत, तेव्हा तूच घे.

तुझी धाकटी

ता. क. तू काम करतेस त्या इस्पितळातून एक मोठा पट्टा मिळाला तर पाठव. लोहाराचा दंड माझ्या पट्ट्यात मावत नाही. आधी मावायचा, कारण तो गिरणवालीचा होता.

ता. क. दुसरा. सोबत माझ्या वार्षिक तपासणीचा कागद पाठवते आहे. कोरा आहे. तू दरवर्षी तो तुझ्याकडे भरून, सही करून मंडळाला परस्पर पाठवतेस, या वर्षी पाठवू नकोस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी गावावर ओरडले, गुरुजींवर ओरडले, आणि माझ्या वहीत सगळ्यांत जुनी बदली माझीच निघाली. तीन वर्षं मी तुला "मला काय धाड भरली आहे" म्हणते आहे आणि तू माझ्या नावाने उभी राहते आहेस. दुसरी सुई टोचून घेतल्यासारखी.

ता. क. तिसरा. साक्षीदार लागतो म्हणून गिरणवालीला यंत्र चालवायला शिकवलं आहे. काल मी पडद्याच्या त्या बाजूला जाऊन बसले आणि हात आत घातला. तिने एकदा हवा भरली. मग दुसऱ्यांदा भरली. मग तिसऱ्यांदा. वाकड्या खिडकीतून तिचं तोंड दिसत होतं म्हणून मला चिठ्ठीच्या आधीच कळलं. एकशे अठ्ठ्याऐंशी आणि एकशे दहा. तिने पट्टा सोडला. मग अगदी हळू विचारलं, "बाई, या एका वेळेपुरता मी माझा हात देऊ का?" आणि ताई, खरं सांगते, मी "नको" म्हणायला वेळ लावला.

ता. क. शेवटचा. गोळी सुरू केली आहे, तेव्हा धावाधाव करू नकोस. पण आई गेली त्या वयाला मी पुढच्या महिन्यात पोचते आहे, आणि तू ते केव्हाच ओलांडलं आहेस. काल रजिस्टरं चाळताना मंडळाकडून आलेल्या माझ्या तीन वर्षांच्या कागदांच्या नकला काढून बघितल्या. तिन्ही वर्षं एकशे दहा आणि सत्तर. तुझं वजन, तुझं वरून मीठ घेणं आणि भाऊजी हे तिन्ही मला माहीत आहेत. तो हात तुझाही नाही. इस्पितळातल्या कुठल्यातरी विशीतल्या शिकाऊ पोरीचा आहे. म्हणजे तूही बाहेरच्या बाकावर बसली आहेस. तेव्हा रागावू नकोस आणि पुढच्या आठवड्यात निघून ये. रस्ता वाईट आहे, हळू ये. माझा हात मी दाखवला, आता तू तुझा घेऊन ये.